जनकाबाईच्या भिंतीची चौथी ओळ

कुरुंद्यात जाऊन जनकाबाई कुठं राहते म्हणून विचारलं, तर समोरचा माणूस आधी विचारायचा, "कोणती? भिंतवाली का?" खरं सांगायचं तर भिंत तिची नव्हतीच. भिंत नामाजीच्या हळदीच्या शेडची. शेड नामाजीचं, हळद घासायचा ढोल नामाजीचा, आवारात वाळत पडलेली हळद नामाजीची. पण त्या भिंतीवर गेरूनं काढलेली अक्षरं जनकाबाईची होती, आणि ज्याचं अक्षर त्याची भिंत, असं गावानं ठरवून टाकलं होतं. नामाजी स्वतः कपाळावर हात मारून म्हणायचा, "माझ्या शेडात माझं कमी अन् भितीचं जास्त चालून राहिलंय."

बाई हाडापेरानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. विहाराच्या पायरीवर उभी राहून तिनं हाक मारली की बाजारात भाजी घेणारा माणूस दचकून मागं बघायचा. नवरा लवकर गेला, लेक नांदेडला दिलेली, घरात एकटीच. पण एकटी बाई म्हणून कुणी कीव करायला गेलं, तर चहाऐवजी चार शब्द ऐकून यायचं. पस्तिशी ओलांडल्यावर ती विहारात भरणाऱ्या साक्षरतेच्या वर्गाला जाऊन बसली. बाकीच्या बाया सही शिकल्या आणि थांबल्या. जनकाबाई थांबली नाही. पाटी पुरेना, वही पुरेना, तिची अक्षरंच इतकी धिप्पाड की एका पानावर चार शब्द मावायचे. पुढं भिंत सापडली तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

ती भिंत कशी सापडली हे कळायचं तर आधी हळद कशी निवडतात ते ठाऊक पाहिजे. शिजवून, वाळवून, ढोलात घासून पिवळीधमक झालेली हळद शेडात ढिगानं ओततात. त्यात गोल गड्डे असतात आणि लांब हळकुंडं असतात, ती वेगळी करायची. नामाजीच्या शेडात हे काम जोडीनं चालायचं. एका ढिगाला दोन बाया, समोरासमोर. एकीनं गड्डे ओढायचे, दुसरीनं हळकुंडं. एकदा जोडी जमली की हंगामभर मोडायची नाही. म्हणजे कामावर घेणारा मालक असला, तरी काम खरं मिळायचं ते समोर कुणी बसलं तर. नाही बसलं कुणी, तर आपलं सूप काखेत मारायचं आणि घरचा रस्ता धरायचा.

ब्याण्णव सालच्या हंगामात जनकाबाई अशीच सूप घेऊन आली. तोवर बौद्ध बायांना शेडाच्या आत काम नसायचं, बाहेर ढोलाच्या धुळीत असायचं. नामाजी म्हणाला, "मला काय, बस की." पण समोर बसायला एक बाई उठेल तर शपथ. कुणाचा पदर अडकला, कुणाच्या पायाला मुंग्या आल्या. जनकाबाई शेडाच्या मधोमध उभी. तेवढ्यात तिसऱ्या ढिगावरून सत्यभामाबाई खेकसली, "आगं, बस की माझ्या समोर! माझी जोडीदारीण चार दिस झाले म्हायेरी जाऊन बसली. ह्यो ढीग काय मी एकटीनं खाऊ?"

यात समाजसुधारणा वगैरे काही नव्हती बरं का. सत्यभामाबाईला लवकर काम उरकून शेरडं सोडायची होती, एवढंच. पण जोडी जमली. दुपारी जनकाबाई पाण्याला गेली, तर एक बाई लगबगीनं उठली, तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायला. जनकाबाईनं तिच्या हातातला डबा काढून घेतला, रांजणात बुडवला आणि घटाघटा प्याली. मग काय! दोन दिवस काम बंद. आतल्या बाया म्हणेनात की येतो, बाहेरच्या बायांनी ढोल थांबवला, हळद पडून राहिली. तिसऱ्या दिवशी नामाजीनं हात जोडले. म्हणाला, "बाई, तू म्हणशील तसं." जनकाबाई म्हणाली, "तोंडचं नगं. तोंडचं माणूस इसरतंय." आणि चुना मारलेल्या भिंतीवर तिनं गेरूनं लिहिलं, जशी बोलायची तसंच लिहिलं:

कामाला येणाराची जात पाहायची न्हाई. रांजण एक, डबा एक.

खाली प्रत्येक बाईनं हळदीत बोट बुडवून टेकवलं. हळदीचं ओलं बोट ताज्या चुन्यावर टेकलं की लाल होतं. खोटं वाटलं तर करून पाहा. बावीस बायांची बावीस लाल बोटं. तेव्हापासून रीतच पडली. संक्रांत झाली की पहिल्या सोमवारी भिंतीला नवा चुना, त्यावर नव्यानं ओळी. त्या मोठ्यानं वाचायच्या आणि मंजूर असेल तिनं बोट टेकवायचं.

दुसरी ओळ चौऱ्याण्णवला आली. नामाजीनं ऐन हंगामात "डबा एक" हे दोन शब्द पुसून टाकले होते, कुणा पाहुण्याच्या डोळ्यात खुपले म्हणून. पुढच्या संक्रांतीला जनकाबाईनं दात ओठ खाऊन लिहिलं: लिहिलेल्या भितीला पुढच्या संक्रांतीपोत कोणी हात लावायचा न्हाई.

तिसरी ओळ मात्र प्रेमाची. शहाण्णवला सत्यभामाबाईचा नवरा तापानं गेला. हंगामाची पहिली पाटी सवाष्णीनं उचलायची, अशी त्या शेडातली चाल होती, आणि गेली किती तरी वर्षं ती पाटी सत्यभामाबाईच्याच डोक्यावर चढायची. त्या वर्षी ती मोकळं कपाळ घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली. जनकाबाईनं कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. ब्रश घेतला आणि लिहिलं: पहिल्या पाटीला समद्याचे हात चालतेत. मग पाटी नेऊन सत्यभामाबाईच्या डोक्यावर ठेवली. सत्यभामाबाई रडली, आणि रडता रडता जनकाबाईला शिव्या घातल्या, "मेले, सणासुदीचं रडवून राहिली काय मला!" तेव्हापासून दोघींचं असं गुळपीठ की एकीला शिंक आली तर दुसरी नाक पुसायची.

आता इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, काय बाई आहे! तर थांबा. दिव्याखाली अंधार असतो, आणि जनकाबाईचा दिवा मोठा होता.

दोन हजार दोन साली, पाडव्यानंतर, हंगाम ऐन भरात असताना शेडाच्या दारात राणी येऊन उभी राहिली. हिरवं नायलॉनचं पातळ, केसाचा घट्ट अंबाडा, काखेत सूप. उंच, रुंद खांद्याची. ओठावर घोटून काढलेल्या मिशीची निळसर सावली. बायांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. कुणी तरी फिसकन हसलं.

राणी साखरा गावची. मेंढरं राखणाऱ्या घरात मुलगा म्हणून जन्मली, शिवहार म्हणून वाढली, आणि आपण शिवहार नाही हे तिला दुधाच्या दातापासून ठाऊक होतं. एकोणिसाव्या वर्षी भावानं काठीनं मारून घराबाहेर काढलं. मग वीटभट्टीवर आठ दिवस, हॉटेलात भांडी घासायला पंधरा दिवस. ओळख पटली की दुसऱ्या दिवशी ठरलेलं: उद्यापासून येऊ नको. टाळ्या वाजवून बाजारात मागून खा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. तिला मागायचं नव्हतं. ती वसमतला एका खोलीत राहत होती आणि तिथून टेम्पोनं कुरुंद्याला आली होती.

नामाजी म्हणाला, "मला काम झाल्याशी मतलब. पर बायायचं काम हाय, बायायला इचार." आणि सगळ्या बायांनी माना वळवून जनकाबाईकडं पाहिलं.

राणी म्हणाली, "माय, मी साखऱ्याला व्हते तवाच आईकलं व्हतं. कुरुंद्याला एका शेडात भितीवर लिहेलं हाय, जात पाहात न्हाईत म्हणून. म्हणलं, जे जात पाहात न्हाईत ते मला बी पाहाणार न्हाईत."

जनकाबाईची छाती आधी फुगली. साखऱ्यापर्यंत आपल्या भिंतीची कीर्ती! मग तिनं बायांची तोंडं पाहिली, सत्यभामाबाईचं वाकडं झालेलं नाक पाहिलं. पुन्हा भांडण, पुन्हा काम बंद, पुन्हा सगळ्यांशी वाकडं. दहा वर्षांनी जरा कुठं बरं चाललं होतं. तिनं भिंतीकडं पाहिलं आणि भिंतीच्या मागं लपली. असं लपणं लई सोपं असतं, विशेष करून भिंत आपणच लिहिलेली असली की.

"जातीचं लिहेलं हाय," ती म्हणाली. "रांडमुंड बाईचं लिहेलं हाय. तुझं कायी लिहेलं न्हाई. अन् मधी भितीला हात लावता येत न्हाई. संक्रांतीला ये, मंग पाहू."

"संक्रांतीला नऊ म्हैने हायत, माय."

"मंग? पी हळद अन् हो गोरी, असं असतंय का?"

शेडाच्या टोकाला फुटक्या, बारीक चुरीचा ढीग होता, तो कुणीच निवडत नसे. राणी तिथं जाऊन एकटीच बसली. डाव्या हातानं गड्डे, उजव्या हातानं हळकुंडं. नामाजीनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तिची जोडी तिचीच.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं. जनकाबाईला मिसरी लावायची हुक्की आली म्हणून तिनं पिशवीत हात घातला. मिसरीच्या डबीऐवजी हाताला लागली पाण्याची बाटली. घरून भरून आणलेली. ती बाटली तिनं सकाळी भरली होती, कालही भरली होती, परवाही, आणि का भरली हे स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. तिनं मान वर केली. प्रत्येक ढिगापाशी एकेक बाटली, एकेक लोटा. रांजणावरचा डबा पालथा, कोरडा. राणी उठली, डबा घेतला, प्याली, विसळला, पुन्हा पालथा घातला आणि कुणाकडं न बघता जागेवर जाऊन बसली.

ब्याण्णव साली आपल्या ओंजळीत वरून पाणी ओतायला उठलेली ती बाई जनकाबाईला आठवली, आणि आज ती बाई आपणच आहोत, हे तिला लख्ख दिसलं. लाजेनं कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ती ताडकन उठली. रांजणापाशी गेली, डबा बुडवला आणि प्याली. पुन्हा बुडवला, पुन्हा प्याली. तिसरा डबा प्यायली तेव्हा पोटात पाणी डुचमळायला लागलं, पण सगळ्यांनी नीट बघितल्याशिवाय ती थांबायला तयार नव्हती.

"जनके, फुटशील की गं," सत्यभामाबाई म्हणाली.

"फुटू दे. डबा एक म्हंजी एक."

राणीसमोर जाऊन बसावं, तर आपलीच जोडी हंगामात मोडायची नाही; नवी ओळ लिहावी, तर आपल्याच भिंतीला हात लावायचा नाही. आपणच विणलेल्या जाळ्यात बाई अडकली. संक्रांतीपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नव्हता. पण स्वस्थ बसेल ती जनकाबाई कसली! बाजाराच्या दिवशी वसमतला गेली आणि कोर्टाच्या आवारात एका वकिलाला गाठलं. विचारलं, अशा माणसाला कामावरून काढता येतं का, कायद्यात काय आहे? वकील भला माणूस होता. बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, "बाई, जातीचं हाय, बाईमाणसाचं हाय. ह्याचं कायी न्हाई." जनकाबाई म्हणाली, "सरकारला टाइम न्हाई भेटला असंल. मंग आमीच करतो." वकील हसला. तिला त्यात हसण्यासारखं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्या संक्रांतीनंतरचा सोमवार आला. नवा चुना लागला. तीन ओळी जनकाबाईनं लिहिल्या, वाचल्या, आणि ब्रश हातात धरूनच म्हणाली, "अजून एक लिहायची हाय. राणीच्या समोर बसायची."

सत्यभामाबाईनं सूप आपटलं. "न्हाई! आमी बायामाणसं पदर सोडून बसतो, कुणी लेकरू पाजत बसती. बाप्या समोर कसा चालंल?"

"बाप्या कुठं हाय हितं?"

"मला डोळे हायत, जनके."

"हायत ना? मंग सांग, पाडव्यापसून सारा हंगाम ती टोकाला बसली. एकदा तरी ढिगावरून मान वर करून कुणाकडं बघितलं तिनं?"

नव्हतंच बघितलं. पण म्हणून सत्यभामाबाई हरली असं नाही. ती हट्टाला पेटली. जनकाबाईनंही मग ठेवणीतला वार काढला, "तुझ्यासाठी लिहिलं तवा ग्वाड लागलं, व्हय गं?" सत्यभामाबाईचे डोळे भरून आले आणि ती पाठ करून बसली. जनकाबाईला बोलल्याबरोबर वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून सुटला होता.

बाकीच्या बाया विचारात पडल्या होत्या, पण मग लिहायचं काय यावर घोडं अडलं. एकजण म्हणाली, राणीला घ्यायचं असं लिहा. दुसरी म्हणाली, नाव कशाला, तसल्या माणसाला असं लिहा. तसलं म्हणजे कसलं, यावर पुन्हा गोंगाट. इतका वेळ एक शब्दही न बोललेली राणी उठून उभी राहिली.

"माझं नाव नगा लिहू," ती म्हणाली. "मी गेले की ती ओळ बी गेली. अन् मी काय हाय ते बी नगा लिहू. आज मी आले, उद्या अजून कोण येईल, कसं येईल, कोणाला ठावं? प्रत्येकाचं येगळं लिहाल तर भित पुरायची न्हाई. मी काखेत सूप घेऊन आले, कामाला आले. तेवढंच लिहा."

जनकाबाई तिच्याकडं बघतच राहिली. बारा हंगाम आपण या भिंतीवर लिहितोय आणि हे आपल्या डोक्यात एकदाही आलं नाही, असं तिला वाटलं. थोडा मत्सर वाटला आणि लई माया वाटली. मग ती वळली आणि आपल्या धिप्पाड अक्षरात लिहिलं:

काखेत सूप घेऊन आला त्यो कामाला आला. त्याच्या समोर बसायला कोणी न्हाई म्हणायचं न्हाई.

राणीचं धरून बावीस बोटं टेकली. सत्यभामाबाईचं टेकलं नाही. जिनं ओळ लिहिली तिनं आधी पाळायची, म्हणून जनकाबाई सूप उचलून राणीच्या समोर जाऊन बसली. बावीस बायांत राणी तेविसावी. हिशेबात एक बाई सुटीच राहणार होती, आणि ती सत्यभामाबाई राहिली. अकरा वर्षांची जोडी तुटली. ती एकटी ढिगापुढं बसली, कुणाशी बोलेना, जेवायला फडकं सोडलं तरी तोंड भिंतीकडं. जनकाबाईला घास जाईना. पण मागं फिरणार कशी? दोघीही दगडाच्या.

नवव्या दिवशी सत्यभामाबाई उठली. आपला ढीग फावड्यानं ओढत ओढत थेट त्या दोघींच्या ढिगाला आणून भिडवला आणि मांडी ठोकून बसली.

"इकडं वारं बरं येतंय," ती कुणालाच उद्देशून म्हणाली. शेडात वारं कुठूनच येत नव्हतं.

राणी म्हणाली, "मावशी, तुमचं गुडघ्याचं दुखणं हाय. टेकायला पोतं देऊ का?"

"दे. पर बसले म्हंजी मंजूर झालं असं समजू नगं."

झालं, तिघींचा एक ढीग. असला प्रकार त्या शेडात आधी नव्हता, पण भिंतीवर कुठं मनाई लिहिली होती? राणी दोन्ही हातांनी निवडायची, त्यामुळं त्या ढिगाचं काम सगळ्यांच्या आधी उरकायचं. हळूहळू ती सत्यभामाबाईची शेरडं चारून आणायला लागली. मेंढपाळाच्या घरची, तिची एक शीळ ऐकली की शेरडं धावत यायची. बाजारात कुणी राणीला बघून टाळी वाजवली, तर सत्यभामाबाई त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. आणि तरी दरसाल संक्रांतीला चौथी ओळ वाचून झाली की ही बया हात पदरात लपवायची. "नियमाचं येगळं, माणसाचं येगळं," म्हणायची. राणी हसून सोडून द्यायची. पण भिंतीवरची बोटं ती दरवर्षी मोजायची, आणि एक कमी निघालं की तिचा चेहरा घटकाभर उतरायचा. ते फक्त जनकाबाई बघायची.

मग जनकाबाईचंच बघणं कमी झालं. आधी दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची, मग कडेकडेनं जग काळं व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, उशीर झाला. दोन हजार सातच्या दिवाळीपर्यंत सगळं धूसर झालं. तिनं कुणाला तक्रार सांगितली नाही. फक्त ब्रश आणि गेरूचा डबा राणीच्या हवाली केला. म्हणाली, "अक्षर मोठं काढ. बारीक अक्षराला कोणी भेत न्हाई."

दोन हजार आठची संक्रांत झाली. सोमवारी शेडात सगळ्या जमल्या. राणीनं चुना मारला, ओळी लिहिल्या. वाचायला सुरुवात होणार तेवढ्यात दाराच्या चौकटीला धरून जनकाबाई उभी राहिली. आत येईना.

नामाजीही आता म्हातारा झाला होता. तो मनापासून म्हणाला, "जनकाबाई, लई केलं तुमी. आता घरी बसा, आराम करा. तुमचा मान हाय हितं."

"त्येच म्हणून राहिले मी," जनकाबाई म्हणाली. "ढिगातलं कायी दिसत न्हाई. माझ्यासमोर बसणारीचं काम काहून खोळंबवू? आईकते अन् जाते." आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण शेवटाला फाटला. सोळा वर्षं ज्या ढिगापुढं काढली तिथून आपल्या पायानं जायचं, याची तिनं घरून तयारी करून आणली होती. ती तयारी आता पुरत नव्हती.

राणीनं ब्रश खाली ठेवला. दारापाशी गेली. "माय, आईकायला आल्या ना?"

"व्हय."

"मंग काखेत काय हाय?"

जनकाबाईचा हात काखेत गेला. सूप होतं. सोळा वर्षांची सवय. घरून निघताना तिनं ते कधी उचललं, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

राणीनं चौथी ओळ वाचली. ओळ तिला तोंडपाठ होती, तरी भिंतीकडं बघून, एकेक शब्द तोडून वाचली. "काखेत सूप घेऊन आला त्यो कामाला आला. त्याच्या समोर बसायला कोणी न्हाई म्हणायचं न्हाई." मग म्हणाली, "गोल का लांब, हे हाताला कळतंय. त्याला डोळे कशाला पायजेत? चला आत."

जनकाबाई खालचा ओठ दातात धरून उभी होती. नामाजीनं मान खाली घातली.

आणि सत्यभामाबाई उठली. गुडघे धरत, कण्हत, शिव्या देत उठली. हळदीच्या पाण्यात बोट बुडवून भिंतीकडं निघाली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायची शुद्ध नव्हती. "मंजूर!" ती ओरडली. "मला मंजूर हाय! जनकेला कोण घरी बसवतंय ते मी बघते!"

राणी तिथंच उभी होती. हळूच म्हणाली, "माझ्यासाठी पाच साल बोट लावलं न्हाई, मावशी."

सत्यभामाबाईचं बोट भिंतीजवळ येऊन थांबलं. पाच वर्षांची शेरडं, पोती, बाजारातली भांडणं, सगळं तिच्या चेहऱ्यावरून गेलं. मग तिनं दुसरंही बोट हळदीत बुडवलं आणि पोरीसारखं दोन्ही बोटं पुढं केली. "चुकले बाई. हे तुझं येगळं लावते. आधी तुझं लावते."

राणीनं तिचं मनगट धरलं. "एकच लावा, मावशी," ती म्हणाली. "ओळ एकच हाय."

सत्यभामाबाईनं एक बोट ओल्या चुन्यावर दाबून धरलं. दाराशी उभ्या जनकाबाईनं कान टवकारले.

"लाल झालं का गं?"

"झालं, माय."

"मंग ढीग वता की. भितीकडं काय बघत बसल्यात नुसत्या!"